गाणे येते, पण बोलता येत नाही



लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याची वाचा गेली होती. बाळाचे नाव काय ठेवायचे यावर चर्चा झाली, तेव्हा शेजाऱ्यांनी अखेर त्यालाच खुणा करून विचारले. त्याने पाटी मागितली आणि नाव लिहिले. वाचा गेली तरी बापाचा मान गेला नाही.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला आपण एवढा मान देतो का? बरेचदा आपण त्याच्या उशाशी बसून घरच्यांशीच बोलतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शब्द अडतात, कधी लिहिणेही जाते. याला अफेजिया म्हणतात. पण म्हणून बुद्धी गेली असे नव्हे. अनेकांना आपले बोलणे बरेचसे समजत असते.

अशी माणसे कधी कधी गीत मात्र स्पष्ट गातात. स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी 1745 मध्ये अशा एका माणसाची हकिगत नोंदवली. त्याला ‘हो’ सोडून शब्द फुटत नव्हता, पण आजारापूर्वी पाठ केलेली उपासनागीते तो नीट गात असे. 1973 मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी याच गोष्टीचा आधार घेऊन उपचारपद्धती मांडली.

ती अशी. ‘पाणी द्या’ एवढेच वाक्य घ्यायचे. एक उंच आणि एक खालचा, अशा दोन स्वरांत ते आधी गुणगुणायचे. मग रुग्णाबरोबर सावकाश गायचे आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. पुढे शिकवणाऱ्याने आपला आवाज कमी करत न्यायचा. मग विचारायचे, ‘काय हवं?’ उत्तर येऊ लागले की चालही हळूहळू सोडायची.

माझे म्हणणे एवढेच, की आपली भेट गीतावर थांबू नये. पाठ असलेले गीत गाणे हा आनंद आहे, पण ते अजून बोलणे नाही. आजोबा सगळे कडवे गातील आणि तरी पाणी मागू शकणार नाहीत. म्हणून स्पीच थेरपिस्टची गाठ घालून देणे हीसुद्धा आपली सेवा आहे. रुग्णालयात डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. सगळ्यांनाच या पद्धतीचा गुण येत नाही. कोणाला ती योग्य, हे तज्ज्ञच ठरवतील. त्यांनी दिलेल्या वाक्याचा रोजचा सराव मात्र आपण करून घेऊ शकतो.

भाषेचाही विचार करा. रेव्हरंड टिळकांनी ओवी-अभंगांतून ख्रिस्तगीते लिहिली, म्हणून ती आपल्या घरांत रुजली. सिल्वासात कोणाच्या घरी वारली बोलतात, कोणाच्या कोकणी, गुजराती किंवा मराठी. सरावाचे वाक्य त्या घरच्या बोलीतलेच हवे.

भेटीला जाल तेव्हा प्रश्न रुग्णालाच विचारा. हो-नाहीची खूण चालेल, चित्रावर बोट ठेवलेलेही चालेल. उत्तर यायला वेळ लागेल. मधेच शब्द पुरवू नका, थांबा. ते थांबणेही प्रार्थनाच आहे.

प्रभू, ज्यांचे शब्द अडले आहेत त्यांना धीर दे, आणि आम्हांला ऐकण्याची सबुरी दे. आमेन.