शेतकऱ्याची जुनी मालमोटार आणि नवा नियम

जुन्या अवजारांचें जतन करणें आपल्या शेतकरीवर्गास नवीन नाहीं. वाडवडिलांची पाभर किंवा बैलगाडीचें जूं जपून ठेवलेलीं घरें आजही आढळतात. परंतु ज्या लहान मालमोटारीनें वर्षानुवर्षें भाजीपाला, दूध व खत वाहिलें, ती थकतांच वजनावर भंगारांत जाते. हें योग्य नाहीं. आणि या बाबतींत सरकारी नियमही तिच्या बाजूस उभा नाहीं, असें आमचें मत आहे.

ठाण्यास खोपट येथें आमच्या आवारांत अशी एक पिकअप आहे. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला व १९६५ च्या सुमारास एफ. सी. १५० ही मालमोटार काढली. आमची गाडी त्याच जातीची. चालकाची बैठक एंजिनावरच असल्यामुळें पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अवघें ८१ इंच असूनही मागें सुमारें सहा फूट लांबीचा हौदा मिळतो. अरुंद शिवाररस्त्यावर वळण्यास सोपी आणि माल भरण्यास ऐसपैस, हा तिचा गुण.

अशी गाडी पुन्हां चालती करणें म्हणजे केवळ रंग चढविणें नव्हे. प्रथम पत्रा खरवडून सांगाडा तपासावा; कोंकणच्या दमट हवेंत गंज वरून दिसतो त्याहून आंत अधिक असतो. ब्रेकमधील रबर, पेट्रोलच्या नळ्या व विजेच्या तारा नव्याच घालाव्या. जुन्या रबरावर भिस्त ठेवणें जिवावर बेततें. हौद्यास आम्ही सागवानी फळ्या बसविल्या. कांहीं सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारांत मिळाले. न मिळाले ते वागळे इस्टेटींतील लेथवर करून घेतले. असे जाणते कारागीर आहेत तोंवरच हें शक्य आहे.

आतां नियमाकडे वळूं. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. प्रथम नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं नूतनीकरणास ५,००० रुपये, क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें, आणि वापर प्रदर्शनें, जुन्या मोटारींच्या फेऱ्या, संशोधन व देखभाल यांपुरता, अशी ती योजना आहे. हेतु उत्तम आहे. परंतु तिची व्याख्या दुचाक्या व प्रवासी मोटारी यांपुरतीच असून मालवाहू वाहनांस तींत जागा नाहीं. शिवाय सांगाडा, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेलें वाहन अपात्र ठरतें. जीप जातीच्या अनेक गाड्यांत मालकांनीं पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल एंजिन बसविलें. ती काटकसर होती, हौस नव्हे. म्हणजे संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, आणि शेतकऱ्याची मालमोटार मात्र भंगार!

जुनीं एंजिनें धूर ओकतात, तीं रस्त्यावर आणूं नयेत, असा आक्षेप निघेल. रोजच्या वाहतुकीपुरता तो रास्त आहे, व आमची तशी मागणीही नाहीं. परंतु वर्षांतून चार वेळां कृषिप्रदर्शनास जाणाऱ्या पिकअपनें हवा बिघडत असेल, तर तोच न्याय आलिशान मोटारीसही लागला पाहिजे.

खोपट येथेंच एस. टी. चें स्थानक आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते नगर या मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. तो दिवस आजही आदरानें पाळला जातो. माणसें वाहणाऱ्या गाडीचें स्मरण राहतें, तर त्यांचें अन्न वाहणाऱ्या गाडीचें कां राहूं नये? सरकारनें व्याख्येंत लहान मालवाहू वाहनें घालावीं, आणि शेतीच्या गरजेपोटीं पूर्वींच झालेला एंजिनबदल क्षम्य मानावा. तोंवर ज्यांच्या गोठ्यामागें अशी गाडी उभी असेल, त्यांनीं तिचे कागद जपावे, मूळ सुटे भाग टाकूं नयेत, आणि भंगारवाल्यास होकार देण्यापूर्वीं घरांतील वृद्धांस विचारून तिची हकीकत लिहून ठेवावी. कागदही गेले व हकीकतही गेली, म्हणजे पुढें नियम सुधारला तरी नोंदण्यास कांहीं उरणार नाहीं.