दिवा उघडायचा की लावायचा?

चीनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्यांना ‘ओपन द लाइट’ हे वाक्य नवं नाही. विद्यार्थ्याला म्हणायचं असतं, दिवा लाव. इंग्रजीत दिव्याला ‘टर्न ऑन’ लागतं, ‘ओपन’ चालत नाही. वहीवर लाल रेघ पडते आणि धडा पुढे सरकतो. मला वाटतं, त्या रेघेपाशी थांबायला हवं. मुलानं विचार न करता लिहिलेलं नाही; त्याच्या भाषेनं त्याला तसंच शिकवलं आहे.

चिनीत ‘खाय’ नावाचं क्रियापद आहे. दार उघडणं ‘खाय’, दिवा लावणंही ‘खाय’. गाडी चालवणं, बैठक भरवणं, डॉक्टरनं औषध लिहून देणं, फूल उमलणं, पाण्याला उकळी येणं, सगळीकडे तेच. आनंदाला ‘खायशिन’ म्हणतात, म्हणजे मन खुलणं. ‘खाय’च्या जुन्या अक्षरात दरवाजा, त्याचा अडसर आणि तो काढणारे दोन हात होते. चीननं १९५६पासून लिपी सोपी केली, त्यात दरवाजा गेला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये तो अजून शाबूत आहे.

एवढ्या पसाऱ्याच्या शब्दासमोर शब्दसूचीत एकच अर्थ छापलेला असतो: ‘ओपन’. मग मूल दिवा उघडणार नाही तर काय करणार? त्यात ‘ओपन’ स्वतःही सरळ नाही. बंद दुकान ‘क्लोज्ड’, पण उघडं दुकान ‘ओपन्ड’ नव्हे, नुसतंच ‘ओपन’.

आपल्याला याचं नवल वाटू नये. आपण संध्याकाळी दिवा लावतो आणि रात्री दारही लावतो. चिनी माणूस ज्या क्रियापदानं दार उघडतो त्यानंच दिवा लावतो. आपण ज्यानं दिवा लावतो त्यानंच दार बंद करतो. शिवाय झाड लावतो, कुकर लावतो, जीव लावतो. मराठी शिकणाऱ्याला ‘लावणे’चा एकच अर्थ देऊन पाहा, तोही असाच अडखळेल.

म्हणून शब्द एकटा शिकवू नये, त्याच्या सोबत्यांसह शिकवावा. ‘ओपन’च्या पानावर दार, डोळे, पुस्तक, बँकेतलं खातं लिहावं, दिवा आणि पंखा ‘टर्न ऑन’च्या पानावर. आणि लाल रेघ मारण्याआधी शिक्षकानं मुलाला विचारावं, तुझ्या घरी दिव्याचं काय करतात?