निफाडचे रानडे, ‘असूड’वाले फुले आणि आपली वही



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्या तालुक्याच्या गावी, निफाडला झाला. शाळेतल्या पोरांना हे पाठ असते. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला एका गुणासाठी ते उपयोगीही पडते. पण हेच रानडे आणि जोतीराव फुले यांच्यात १८८५ साली शेतकऱ्याच्या स्थितीवरून वाद झाला होता, हे सायखेड्यात किंवा चांदोरीत किती जणांना ठाऊक आहे? आमच्या मते महाराष्ट्राच्या इतिहासाचे आणि मराठी वाङ्मयाचे एक मोठे वळण त्या वादात आहे. आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

वाद समजायचा तर दहा वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिथला कापूस अडला आणि इकडच्या कापसाला भाव चढला. सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. त्यातच सरकारने शेतसाऱ्याची नवी आकारणी केली. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरले.

त्या शेतकऱ्यांनी काय केले, हे नीट पाहा. मारामाऱ्या फार झाल्या नाहीत. लोकांनी सावकाराच्या घरातली खतपत्रे, गहाणखते आणि वह्या मागितल्या व त्यांची होळी केली. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवले जाई, त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: आपली जमीन नांगराने जात नाही, कागदाने जाते.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. आयोगाचा अहवाल आज अभ्यासकांना वाचायला मिळतो. त्यात कलेक्टरांचे म्हणणे आहे, न्यायाधीशांचे आहे, सावकारांचेही आहे. सुप्याच्या शेतकऱ्याने स्वतः लिहिलेली वही मात्र कुठे नाही. त्याने दुसऱ्याचा कागद जाळला, पण त्याचा स्वतःचा कागद नव्हताच. म्हणून त्याचा इतिहास इतरांनी लिहिला.

ती उणीव फुल्यांनी भरून काढली. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्यांनी १८८३ च्या जुलैत पुरा केला. पाच प्रकरणांचा हा ग्रंथ त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. त्याच्या सुरुवातीच्या ओळी आपल्या सभांतून अनेकांच्या तोंडी असतात. त्या येथे देत नाही. त्या ओळींपाशी थांबणाऱ्यांना आमचे सांगणे असे की खरा ग्रंथ त्यांच्या पुढे सुरू होतो.

त्यात साहेबाच्या तंबूवरून हात हलवत परतणारा शेतकरी आहे. त्याचे घर, गोठा, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, सारे डोळ्यांपुढे उभे केले आहे. मराठीत तोवर शेतकऱ्याच्या घरात कोणी असे शिरले नव्हते. पुढे उपायही सांगितले आहेत. लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, तळी-तलाव करावेत, पाटाचे पाणी शेतकऱ्याला मोजून द्यावे, चांगले पीक काढणाऱ्याला प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत.

गोदावरीवरचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात झाला. त्याच्याही चोवीस वर्षे आधी फुले हे लिहून बसले होते. त्यांचे लक्ष मात्र मोठ्या नदीच्या एका बंधाऱ्यापेक्षा ओढ्या-ओहोळांवरच्या शेकडो तालींवर होते. पाणी वर अडले नाही तर खाली काय होते, हे सायखेड्याला कोणी शिकवायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीच्या दुकानांत आणि घरांत शिरले होते.

एवढ्या मोलाचा ग्रंथ छापायला मात्र कोणी धजेना. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या ‘दीनबंधु’ पत्राने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढे हात आखडता घेतला. ते पत्र तर फुल्यांच्याच चळवळीचे. घरच्याच माणसांना ते लिखाण फार कडक वाटले! फुल्यांच्या हयातीत ग्रंथ संपूर्ण छापला गेला नाही. १९६९ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय काढले, तेव्हा तो खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती आला.

आता रानड्यांकडे वळू. रानड्यांना शेतकऱ्याचे वैरी ठरवून टाकणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही, कारण ते खरे नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावचे हाल गोळा करून सरकारपुढे मांडले, त्यामागे रानड्यांची बुद्धी होती. सरकारला त्यांचा संशय येई. १८७८ साली त्यांची बदली पुण्याहून नाशिकला झाली आणि तिथून धुळ्याला. कर्जनिवारणाच्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी जिल्हे हिंडून काम केले. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना आखली, तिला रानड्यांचा पाठिंबा होता. लंडनहून ती नाकारली गेली. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, तेव्हा रानड्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

इतका अभ्यास असलेल्या रानड्यांनी १८८५ साली अशा अर्थाचे प्रतिपादन केले की शेतकऱ्याची स्थिती तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुधारली आहे. फुल्यांनी त्याला ‘इशारा’ ही छोटी पुस्तिका काढून उत्तर दिले. त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरायची होती. पहिली १८७८ साली रानड्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली होती. रानड्यांनी फुल्यांना बोलावले. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा की जे सर्व माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले.

आज आपण ज्याला साहित्य संमेलन म्हणतो, त्याची परंपरा १८७८ च्या त्या सभेपासून मोजतात. १९४२ साली नाशिकला अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ते भरले, २००५ साली भरले आणि २०२१ च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावे संमेलन पुन्हा नाशिकलाच झाले. मांडव मोठे होतात, ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तके असतात. त्या पालखीत शेतकऱ्याचे पुस्तक किती, हा १८८५ चा प्रश्न आजही विचारता येतो.

रानड्यांसारखा विद्वान, तोही निफाडात जन्मलेला, शेतकरी सुधारला असे कसे म्हणाला? आमचे उत्तर असे आहे. रानडे उंचावरून पाहत होते. रेल्वे आली, पेठा वाढल्या, लागवड वाढली, शांतता आली. बेरीज वाढलेली दिसत होती. फुले दारातून आत पाहत होते. चुलीवर काय शिजते, पोर शाळेत जाते की गुरांमागे, बैल विकला तो कशापायी, हे ते पाहत होते. बेरीज खोटी नव्हती. पण बेरजेत शेतकऱ्याच्या पदरी काय उरले, हा रकाना नव्हता.

तो रकाना आजही नाही. आजही आम्हाला ऐकवले जाते, “शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे, निफाडात तर द्राक्षांचे बंगले आहेत.” बंगला दिसतो. बंगल्याच्या भिंतीवर बँकेचा बोजा आहे, तो दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी गेले. या तारखा सरकारच्या अधिसूचनांत कायमच्या राहतील. पन्नास वर्षांनी अभ्यासक त्या उघडून पाहतील. त्या महिन्यांत सायखेड्याच्या उपबाजारात ट्रॉली लावलेल्या माणसाच्या पट्टीत हमाली, तोलाई, भाडे वजा जाता काय उरले, हे त्यांना कुठे सापडणार? आपण पट्टी खिशात कोंबतो, पुढच्या पावसात ती भिजते आणि संपते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

कोणी म्हणेल, “पोटाला नाही तिथे वह्या-पुस्तके घेऊन काय करायचे?” त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा दाखला पाहावा. १० नोव्हेंबर १९८० पासून शरद जोशी, माधवराव मोरे यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात उसासाठी आणि कांद्यासाठी रास्ता रोको झाला. खेरवाडीचे रूळ शेतकऱ्यांनी अडवले. त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. त्या लढ्याचे बळ केवळ संतापात नव्हते. उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला क्विंटलला पन्नास ते सत्तर रुपये ही मागणी उत्पादनखर्चाच्या हिशेबातून आली होती. १८७५ चा शेतकरी सावकाराचा कागद जाळत होता. १९८० चा शेतकरी स्वतःचा आकडा मांडत होता. मधल्या एकशेपाच वर्षांत झालेला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आणि बायांचे काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. ‘सत्सार’मधून तिच्या बाजूने फुले उभे राहिले. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि लाखाच्या हिशेबात बाया आल्या. या दोन गोष्टींत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण धागा एक आहे. घरातला खरा हिशेब बाईला ठाऊक असतो. तिला विचारले नाही तर फुले ज्या घरात शिरले, त्या घरात आपणही शिरणार नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, येत्या २८ नोव्हेंबरला, फुल्यांच्या स्मृतिदिनी, हार घालून पांगण्याऐवजी गावोगाव ‘असूडा’चे एक प्रकरण मोठ्याने वाचावे. फुल्यांनीही तो असाच वाचून दाखवला होता. न पटेल तिथे वाद घालावा. दुसरी, घरटी एक वही घालावी. बियाणे, खत, औषध, मजुरी, वीज, व्याज एका बाजूला आणि बाजाराच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला. घरच्या बाईचे आणि पोरांचे राबणे फुकट धरू नये, त्याचीही मजुरी मांडावी. वही घरातल्या शिकलेल्या लेकीने किंवा सुनेने लिहावी आणि सर्वांना वाचून दाखवावी. तिसरी, १९७२ चा दुष्काळ, १९८० चे रूळ आणि चांदवडचा मांडव पाहिलेल्या माणसांचे बोलणे लिहून किंवा मोबाईलवर उतरवून गावच्या वाचनालयात ठेवावे. १९८० साली जे पंचविशीत होते ते आज सत्तरीत आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

सोमठाण्यासारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून कित्येक वर्षे चालवला. पत्र शहरातच निघते, हा समज त्यांनी मोडला. इतिहास शहरातच लिहिला जातो, हा समज आपण मोडायचा आहे.

रानडे आपल्या तालुक्याचे आहेत, त्यांचा अभिमान जरूर धरावा. त्यांच्यासारखे आकडे मांडायलाही शिकावे. पण आकडा मांडताना उभे कुठे राहायचे, हे मात्र फुल्यांना विचारावे. पुन्हा कोणी सांगू लागला की शेतकरी पूर्वीपेक्षा सुखी आहे, तर त्याच्यापुढे आपल्या वह्यांचा गठ्ठा ठेवता आला पाहिजे. त्या वह्या सुधारणा दाखवीत असतील तर आम्ही ती मान्य करू. पण निवाडा आमच्या वह्या वाचूनच व्हावा.