पोराला रायफल घेऊन देण्याआधी घरानं दोन दिवस काढावेत

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस राधानगरी तालुका विसरणार नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ मिळवलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. पुढं जानेवारी २०२५ मध्ये स्वप्नीलला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

फलक लागले, मिरवणुका झाल्या. पण तेव्हापासून गावोगावी एक प्रश्न कानावर येतो तो येतोच. "आमच्या पोरालाही नेमबाजीत घालायचंय. कुठं जायचं? खर्च किती येतो?" कुणी म्हणतं शहरात खोली करून ठेवू, कुणी म्हणतं उसाच्या बिलावर रायफल घेऊ.

प्रश्न चांगला आहे, पण घाईचा आहे. म्हणून आज त्याचा हिशेब मांडू. तालुक्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारी, आई-बाप-मुलं सगळ्यांसाठी, दोन दिवसांचं नेमबाजी आणि वारसा शिबिर व्हायला पाहिजे, असं या हिशेबातून निघतं. ते का, ते पुढं वाचा.

पदकाआधीचा खर्च कोण करतं?

बक्षीस पदकानंतर येतं. स्वप्नीलला राज्य सरकारनं लगेच १ कोटी जाहीर केले. खर्च मात्र पदकाच्या आधी होतो, आणि तो घरच करतं. स्वप्नीलचे वडील शिक्षक. पोराच्या नेमबाजीसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. खाशाबांच्या वेळीही हेच. त्यांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात आजही सांगितलं जातं. म्हणजे १९५२ असो की २०२४, पदकामागं कुणाचं तरी कर्ज आहेच.

आताचा भाव बघा. स्पर्धेत चालेल अशी बाहेरच्या देशातली एअर रायफल लाखाच्या बरीच पुढं जाते, चांगली असेल तर अडीच-तीन लाखांपर्यंत. म्हणजे दावणीच्या दोन चांगल्या म्हशी. वर जाड कापडाचं जाकीट, पँट, बूट, हातमोजे, छर्रे, प्रवास, प्रशिक्षकाची फी. आणि हे एकदाच करून भागत नाही. पोर वाढतं तसं जाकीटही बदलावं लागतं.

वेळेचा हिशेब आणखी मोठा. स्वप्नील शाळकरी वयात घर सोडून सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २००९ पासून नेमबाजी करू लागला. पहिल्या ऑलिम्पिकपर्यंत १५ वर्षं गेली. मधे २०२२ च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला, म्हणजे पदक एका जागेनं हुकलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही वैयक्तिक प्रकारात चौथाच. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, पण पहिलं ऑलिम्पिक खेळायला तिला टोकियोची वाट बघावी लागली. तेव्हा ती चाळिशीत होती. दोन वर्षांत पदक, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या.

म्हणून घरच्यांनी आधी बघायला पाहिजे

कुस्तीत बापाला कळतं. त्यानं स्वतः आखाड्याची माती अंगाला लावलेली असते. पोराचा डाव चुकला की तो बांधावरून ओरडून सांगतो. नेमबाजीत तसं नाही. आई-बापानं रायफल कधी हातात धरलेली नसते. पोर बरं करतंय की वाईट, सांगणारा खरं सांगतोय की फी साठी गोड बोलतोय, काही कळत नाही. ज्याला कळत नाही तोच पैसे भरतो आणि तोच फसतो.

मुलींच्या बाबतीत तर घरचं मत म्हणजेच शेवटचं. तेजस्विनी जगज्जेती, राही सरनोबत २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. दोघी कोल्हापूरच्या. या खेळात उंची लागत नाही, धावावं लागत नाही, ताकदीपेक्षा स्थिरपणा लागतो. पण गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीवरची मुलगी एकटी शहरात ठेवायला घर तयार होत नाही. तिच्या आईनं स्वतः दोन दिवस तो खेळ बघितला, दहा छर्रे स्वतः मारून पाहिले, तर घरातली चर्चा वेगळी होते.

अमेरिकेत असं चालतं. शनिवार-रविवारी घरची सगळी माणसं मैदानावर येतात, जाणकार मंडळी त्यांना रायफल धरायला शिकवतात आणि मधल्या सुट्टीत १९ एप्रिल १७७५ ची, त्यांच्या स्वातंत्र्याच्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगतात. तिथं अनेक घरांत बंदूक आहे. आपल्याकडं तसं नाही, आणि तसं व्हावं असंही कुणी म्हणत नाही. आपलं शिबिर छऱ्याच्या एअर रायफलवरच चालावं. पण घरच्या सगळ्यांना एकत्र शिकवायचं आणि सोबत आपला इतिहास सांगायचा, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

वारसा आपल्या दारात आहे

गोष्टी सांगायला आपल्याला लांब जायला नको. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला. राजापूरचे इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन आले. महाराज गडावरून निसटले, शिवा काशिदांनी आणि बाजीप्रभूंनी जीव दिला. ही गोष्ट पोरांना पाठ आहे. पण त्यात दारूगोळ्याचं काम काय होतं, ठासणीची बंदूक पुन्हा भरायला किती वेळ जायचा, पावसात बत्ती विझली की काय व्हायचं, हे कुणी सांगत नाही. ते सांगितलं की पोराला कळतं की हत्यार चालवणं म्हणजे आधी धीर धरणं.

११ जुलै २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो एक. त्याआधी २०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. दांडपट्टा, लाठी, विटा, फरीगदगा हे मर्दानी खेळ कोल्हापूरच्या तालमींनी पिढ्यान् पिढ्या जपले. तालमीतला वस्ताद पोराच्या हातात पहिल्याच दिवशी तलवार देत नाही. आधी पवित्रा, मग लाठी, पुढचं नंतर. नेमबाजीचा प्रशिक्षकही हेच करतो. आधी उभं राहणं, मग श्वास, छर्रा सगळ्यात शेवटी.

हे दोन्ही एकत्र शिकवण्यामागं कारण आहे. मोबाईलवर तलवार नाचवणारे आणि कट्टा दाखवणारे रील पोरं रोज बघतात. हत्यार म्हणजे शिस्त, हे वस्ताद आणि प्रशिक्षक एकाच दिवशी, एकाच अंगणात सांगतील तर ते पोराच्या डोक्यात राहील.

दोन दिवसांत काय करता येईल?

१० मीटरच्या नेमबाजीला मोठं मैदान लागत नाही. शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, मोठी तालीम चालते. मागं छर्रा अडवणारी भक्कम भिंत किंवा फळी आणि आडवी ये-जा पूर्ण बंद, एवढं पाहिजे. त्यामुळं राधानगरीच्या पावसातही शिबिर होतं. रोप लावणीचे आणि ऊसतोडीचे दिवस सोडले की झालं.

शनिवारी सकाळी रायफलला हात लावायचा नाही. फक्त नियम. नळी कायम टार्गेटकडं. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. हुकूम मिळेपर्यंत छर्रा भरायचा नाही. "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, सरपंच असो की पाहुणा. हे ज्याला जमत नाही त्यानं दुपारी बाहेर बसायचं.

दुपारी आधी छऱ्याशिवाय कोरा सराव. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून प्रत्येकी दहा छर्रे. इथं घरच्यांनी एक गोष्ट शिकायची. मधोमध लागला का, हे आधी बघायचं नाही. दहा छर्रे एका जागी जमले का, ते बघायचं. झुबका बारीक असेल आणि कोपऱ्यात असेल तरी पोर चांगलं आहे, कारण रायफलचं साईट फिरवून तो झुबका मधे आणता येतो. एक छर्रा मधे आणि नऊ विखुरलेले, तर तो नशिबाचा भाग. एवढं कळलं तरी बापाला पोराचा कागद वाचता येतो आणि कुणी फसवू शकत नाही.

टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. १० मीटरवरून त्याच्यावर ६० छर्रे मारायचे. हे स्वतः करून बघितलं की टीव्हीवर बसून "एवढं पण जमलं नाही" म्हणायची सवय जाते.

संध्याकाळी पन्हाळ्याची गोष्ट आणि मर्दानी खेळ. रविवारी सकाळी उभं राहून नेम. त्याच वेळी एक वर्ग फक्त पालकांचा. खर्च, वाटा आणि कायदा.

कायदाही तिथंच समजावा

आपल्या पश्चिमेच्या तालुक्यांत काही घरांत शेती संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, हे सगळ्यांना माहीत. पण बाकीचं माहीत नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वरातीत किंवा जत्रेत हौसेनं बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २१ वर्षांखालच्या पोराला बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणासाठी नियमाप्रमाणे, देखरेखीखाली वापरता येते, तेवढीच सूट.

४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणं होत नाही. छऱ्यानं डोळा जातो. आणि नेम आला म्हणून रानात गव्यावर किंवा डुकरावर चालवायची नाही. गवा वन्यजीव कायद्यानं पहिल्या यादीत संरक्षित आहे. पिकाचं नुकसान खरं आहे, पण त्याची वाट पंचनाम्याची आणि भरपाईची, पोराच्या रायफलची नाही.

करायचं कुणी?

तालुका क्रीडा संकुल जिथं उभं आहे तिथं जागा आहे. कॉलेजात एनसीसी आहे, तिथं रायफलची ओळख असलेले शिक्षक आहेत. तालमीत वस्ताद आहेत. रायफली आणि प्रशिक्षक शहरातून दोन दिवसांसाठी आणावे लागतील. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी मिळून अर्ज दिला, पोलीस ठाण्याला आधी कळवलं, तर हे अवघड नाही. एका मिरवणुकीच्या डीजेला जेवढे पैसे जातात, त्यात शिबिराचा बराच खर्च निघेल.

शिबिरातून सगळी पोरं नेमबाज होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. पन्नास घरं आली आणि त्यातल्या पंचेचाळिसांना कळलं की हे आपलं काम नाही, तर पंचेचाळीस कर्जं वाचली. उरलेल्या पाच घरांना डोळे उघडे ठेवून पुढं जाता येईल.

तोवर कुणी पोराला क्लासला घालणारच असेल, तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रशिक्षक स्वतः कुठल्या पातळीवर खेळला आणि कुणाकडं शिकला? पहिलं वर्ष क्लासची रायफल वापरायला मिळते का? रेंज कायदेशीर आणि सुरक्षित आहे का? मधेच सोडलं तर भरलेल्या पैशांचं काय?

पॅरिसच्या फायनलमध्ये स्वप्नील गुडघ्यावर बसून मारायच्या फेरीनंतर सहावा होता. पालथं पडून मारायच्या फेरीनंतर पाचवा. उभं राहून मारताना तो तिसऱ्यावर आला आणि ४५१.४ गुणांवर पदक घेतलं. तो घाईनं वर आला नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा, आणि रायफलची ऑर्डर त्यानंतरच द्या.