ड्रेसिंग रूममधलं बोलणं कोण लिहून घेणार?

पी. के. बॅनर्जी यांनी भारतासाठी नेमके किती गोल केले? प्रश्न साधा आहे. उत्तर शोधायला बसलं की घोळ सुरू होतो. एका नोंदीत ८४ सामने आणि ६५ गोल, तर दुसरीत गोल जेमतेम पंधरा-सोळा. कुठला सामना अधिकृत धरायचा, कुठला मैत्रीचा, परदेश दौऱ्यात एखाद्या क्लबाविरुद्ध मारलेला गोल मोजायचा की नाही, यावर हा फरक पडतो हे खरं. पण फरक तब्बल पन्नास गोलांचा! तोही दोन ऑलिंपिक आणि तीन आशियाई स्पर्धा खेळलेल्या, भारताचा कर्णधार राहिलेल्या माणसाबद्दल. गावसकरांच्या शतकांबाबत असा गोंधळ आपण एक दिवस तरी चालू दिला असता का?

फुटबॉलच्या बाबतीत मात्र आपण तो चालवून घेतला. आपण म्हणजे सगळ्यांनीच. संघटना, क्लब, वर्तमानपत्रं आणि 'ब्राझील की अर्जेंटिना' यावर रात्र जागवणारे तुम्ही-आम्ही. आता ते निस्तरायचंही आपल्यालाच आहे, आणि घाई करावी लागणार आहे.

प्रदीपकुमार बॅनर्जी, सगळ्यांचे पीके. जन्म २३ जून १९३६, जलपायगुडी भागातला. वाढले जमशेदपूरला, पोलादाच्या गावात. पंधराव्या वर्षी बिहारकडून संतोष करंडक खेळले. पुढे कलकत्त्यात आधी आर्यन क्लब, मग ईस्टर्न रेल्वे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन या तीन बड्यांपैकी एकाचीही जर्सी त्यांनी खेळाडू म्हणून कधी घातली नाही. रेल्वेची नोकरी केली, रेल्वेकडूनच खेळले आणि १९५८ साली त्या रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. तीन बड्यांना बाजूला सारून पुन्हा कुणी ती लीग जिंकायला २०१९ साल उजाडावं लागलं. तेव्हा जिंकला पीअरलेस.

उजव्या बगलेवरचा हा आघाडीवीर विशीत मेलबर्न ऑलिंपिकला गेला. १९५६ साल. ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून भारत उपांत्य फेरीत पोचला आणि शेवटी चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात हॅट्‌ट्रिक केली ती आपल्या नेव्हिल डिसोझांनी. जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळ मुंबईचा. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९८० साली नेव्हिल गेले, पन्नाशीही न गाठता. मुंबईत किती जणांना हे नाव माहीत आहे? किती शाळांमध्ये त्यांचा एखादा फोटो आहे?

मग १९६० चं रोम. पीके कर्णधार. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, भारताचा गोल पीकेंचा. १९६२ मध्ये जकार्त्याची आशियाई स्पर्धा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, अंगात कॅन्सर घेऊन आलेले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. खच्चून भरलेलं स्टेडियम आणि सगळा प्रेक्षक भारताच्या विरोधात. पीकेंनी पहिला गोल केला. डोक्याला जखम असलेला, एरवी बचावात खेळणारा जर्नेलसिंग त्या दिवशी आघाडीला होता, त्याने दुसरा मारला. २-१. सुवर्णपदक. त्याच संघात बार्देशातल्या कोलवाळचे, मुंबईत टाटांकडून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँकोही होते. पुढच्याच वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

आज त्या सामन्याचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आहे ते 'मैदान' सिनेमामुळे, नटांनी खेळलेलं. सिनेमा आला हे बरंच झालं. त्याने हजारो पोरांना रहीम हे नाव कळलं. पण सिनेमा म्हणजे दप्तर नव्हे.

इथवरच्या गोष्टीला निदान धावता हिशेब आहे. कुणी गोल केला, कितव्या मिनिटाला, निकाल काय, एवढं कुठेतरी छापलेलं सापडतं. खरी हानी पुढे आहे. दुखापतींनी बेजार होऊन १९६७ च्या सुमाराला पीके खेळातून बाजूला झाले आणि प्रशिक्षक झाले. या दुसऱ्या कारकिर्दीचं हत्यार होतं बोलणं.

कलकत्त्यात त्याला 'व्होकल टॉनिक' म्हणायचे. सामन्याआधी आणि मध्यंतरात पीके खेळाडूंशी जे बोलायचे ते. बंगाली, हिंदी, इंग्रजी, ज्याला जी कळेल ती भाषा. एकाला आईची आठवण करून द्यायची, दुसऱ्याला डिवचायचं, तिसऱ्याला नुसतं जवळ घ्यायचं. १९७२ ते ७५ ते ईस्ट बंगालकडे होते. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानला ५-० असं धुतलं. पन्नास वर्षं झाली, कलकत्त्यात हा आकडा उच्चारला तर अजून अर्ध्या घराचे चेहरे पडतात. पुढच्याच वर्षी पीके गेले कुठे? मोहन बागानकडे! आणि १९७७ मध्ये बागानला शील्ड, रोव्हर्स, ड्युरँड असे तिन्ही करंडक एकाच मोसमात मिळवून दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात ईडन गार्डन्सवर पेले आले, न्यूयॉर्क कॉसमॉस घेऊन. बागानने त्यांना २-२ असं रोखलं. पेलेसमोर उतरण्याआधी त्या पोरांना पीके काय म्हणाले असतील?

आणखी वीस वर्षांनी, १३ जुलै १९९७ ला, साठी ओलांडलेले पीके पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर होते. समोर बागान आणि प्रशिक्षक अमल दत्त, त्यांच्या गाजलेल्या 'डायमंड' रचनेसह. सॉल्ट लेकला एक लाख एकतीस हजारांवर माणूस. अमलबाबूंनी सामन्याआधी आठवडाभर टोमणे मारून घेतले होते. पीकेंनी ते सगळं आपल्या पोरांच्या अंगात भिनवलं आणि वीस वर्षांच्या भायचुंग भुतियाने तीन गोल ठोकले. ४-१.

सगळंच काही जिंकलं नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये पीकेंचा भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून एका गोलाने हरला. तेही लिहून ठेवायला हवं. शिवाय पीके मुळात गोष्टीवेल्हाळ. त्यांची गोष्ट सांगता सांगता थोडी फुगत असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे. म्हणून तर एकाच सामन्याबद्दल चार जणांचं ऐकून ठेवणं गरजेचं. ऐकणारे चौघे हयात असतील तरच ते जमेल.

आता थोडं कठोर व्हावं लागेल. पीके २० मार्च २०२० ला गेले. एक्केचाळीस दिवसांनी आघाडीतले त्यांचे जोडीदार चुनी गोस्वामी. मे २०२१ मध्ये फ्रँको. २०२२ च्या जानेवारीत सुभाष भौमिक, फेब्रुवारीत सुरजित सेनगुप्ता. ७५ च्या त्या ईस्ट बंगालमधले हे दोघे, व्होकल टॉनिकचे हक्काचे साक्षीदार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या संघाचे कर्णधार समर 'बद्रू' बॅनर्जी. २०२३ च्या फेब्रुवारीत जकार्त्याच्या संघातले तुलसीदास बलराम, ऑगस्टमध्ये पीकेंच्या हाताखाली खेळलेले महंमद हबीब. साडेतीन वर्षांत एवढी माणसं.

काही मुलाखती झाल्या, काही पुस्तकं निघाली. पण माणूस गेल्यावर अग्रलेख लिहिण्यात आपण जितके तत्पर, तितके तो असताना त्याच्यापुढे बसून विचारण्यात नाही.

कुणी म्हणेल, ही बंगालची काळजी, आपला काय संबंध? संबंध आहे. मुंबईचं कूपरेज मैदान आठवा. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप दरवर्षी मुंबईत भरायचा. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं तो नेला, रहीमसाहेबांच्या हाताखाली. पीकेंचे संघ याच स्पर्धेसाठी इथे यायचे. त्यांना पाहायला गिरणीतली, गोदीतली, बँकेतली माणसं जायची. या संघांविरुद्ध टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, रेल्वे, बँका यांचे संघ खेळायचे. रोव्हर्स कप २००१ च्या सुमाराला थांबला तो थांबलाच. गिरण्या गेल्या. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं. कार्यालय हललं की कपाट हलतं आणि कपाट हललं की फायली रद्दीत जातात, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणजे या इतिहासाचा मोठा तुकडा कलकत्त्यात नाहीच. तो परळच्या, माझगावच्या, वांद्र्याच्या, म्हापशाच्या घरांत माळ्यावर आहे. निवृत्त कारकुनाच्या ट्रंकेत आहे. जुन्या पंचाच्या डायरीत आहे.

आणि ही नुसती आठवणींची हौस नाही. रहीमकडून पीके शिकले, पीकेंकडून भायचुंगची पिढी. मधल्या काळात १९९१ ते ९७ पीकेंनी जमशेदपूरच्या टाटा अकादमीत पोरं घडवली. साधी मैदानं, तुटपुंजा आहार, परदेशी प्रशिक्षक नाही, तरी हा देश आशियात पहिला आला होता. कसा? सरावाच्या वेळा काय होत्या, बचावपटूला आघाडीला टाकण्याचं धाडस कुठून आलं, घाबरलेल्या अठरा वर्षांच्या पोराशी काय बोलायचं? आज रत्नागिरीत किंवा नागपुरात शाळेची टीम घेऊन उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकाला हे हवं आहे. नाहीतर दर पिढीने श्रीगणेशाच करायचा.

बरं, करायचं काय? पैसे फारसे लागत नाहीत. खिशातला फोन आणि रविवारची सकाळ पुरते.

पहिलं काम, माणसं गाठा. आपल्या चाळीत, सोसायटीत, नात्यात कुणी ऑफिस संघाकडून खेळलेलं असेल, पंच असेल, मैदानावर मालिश करणारा असेल, खेळाच्या पानासाठी बातमी देणारा असेल. त्यांच्याकडे जा. 'काका, आठवणी सांगा' असं म्हणू नका; आठवणी अशा मागून येत नाहीत. विचारा, बूट कुणी दिले होते? सामन्याआधी जेवायला काय असायचं? कलकत्त्याची टीम आली की उतरायची कुठे? मध्यंतरात प्रशिक्षक ओरडायचे की गप्प बसायचे? असे प्रश्न विचारले की माणूस खुलतो. पंखा बंद करा, फोन जवळ ठेवा, आणि सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव, आजची तारीख मोठ्याने बोलून घ्या. त्यांची परवानगीही त्याच आवाजात नोंदवा. काकू शेजारी बसल्या असतील तर फारच उत्तम. साल चुकलं की त्या दुरुस्त करतात.

दुसरं, फोटो. ज्याच्या मागे नाव नाही तो फोटो एका पिढीनंतर अनोळखी माणसांचा घोळका होतो. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागे नावं लिहा. बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा काढता येत नाही. कात्रणांना सेलोटेप लावू नका, डाग पडतो आणि कागद तिथेच फाटतो. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल तर निदान साल अंदाजाने टाका आणि 'अंदाजे' असं लिहा. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा. पावसाळ्याआधी ट्रंक उघडा.

तिसरं, हे सगळं घरात कोंडून ठेवू नका. मात्र भारतीय कायद्यात छायाचित्रावरचा हक्क आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे जकार्त्याच्या वेळी इथे छापून आलेले फोटो वापरण्याआधीही हक्क कुणाचा ते तपासा. मराठी विकिपीडियावर नेव्हिल, फ्रँको, पीके यांचे लेख उघडून पाहा. जे तोकडं दिसेल ते भरा. मुलांना सोबत घ्या, त्यांची बोटं आपल्यापेक्षा भराभर चालतात. ग्रंथसंग्रहालयांत जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत. एकेकाने रोव्हर्सचं एकेक वर्ष वाटून घेतलं तरी निकालांची, गोलांची, संघांची धड यादी उभी राहील. मग पीकेंच्या गोलांचा तो घोळही कुणीतरी सामनावार सोडवेल.

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्याला शाहू स्टेडियम कसं भरतं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. ईस्ट बंगाल-मोहन बागान म्हणजे काय, हे समजायला कोल्हापूरच्या माणसाला पुस्तक लागत नाही. तालमींकडे फोटो आहेत, ढाली आहेत, जुने खेळाडू रोज संध्याकाळी येऊन बसतात. मुंबईने आणि गोव्याने या बाबतीत कोल्हापूरच्या पावलावर पाऊल टाकावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पीकेंचा वाढदिवस, २३ जून, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 'ग्रासरूट्स डे' म्हणून ठरवला आहे. त्या दिवशी मैदानावर लहान मुलांचे खेळ होतात. त्याला आपण एक जोड देऊ. सकाळी मुलं खेळतील, नंतर जुने खेळाडू त्याच मुलांपुढे बसतील आणि मुलंच फोनवर त्यांना टिपून घेतील.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या. फळ्यावर एवढंच लिहा: 'जुने फोटो, जुनी कात्रणं, जुने खेळाडू. रविवारी सकाळी दहा वाजता. चहा-पोहे मंडळाकडून. चष्मा आणि पेन्सिल सोबत आणावी.'