गुडघे दुखतात? मग बसून राहू नका!

दिवाळी जवळ आली, की आमच्या परळच्या चाळींतून दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक चकल्या तळण्याचा आणि दुसरा, तळणाऱ्या बाईने जमिनीवरून उठताना काढलेला "आई गं!" हा.

तिसऱ्या माळ्यावरच्या एका आजींना गेल्या पाडव्याला मी विचारले, "आजी, हल्ली खाली दिसत नाही?"

"अहो डॉक्टर, गुडघे झिजलेत. चालले तर आणखी झिजतील. वर्ष झालं, जिना उतरले नाही!"

हा समज पुष्कळांचा असतो, आणि तोच घात करतो.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत यांमुळे ते पातळ व खडबडीत होते, कडेने हाड वाढते, सांधा सुजतो. हाच ऑस्टिओआर्थ्रायटिस. पण गंमत अशी, की कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते सांध्यातल्या वंगणातून, आणि ते वंगण आत मुरते हालचालीने! सांधा स्वस्थ ठेवला, की कूर्चा उपाशी राहते. मांडीचे स्नायू रोडावतात आणि सारा भार दुखऱ्या सांध्यावर पडतो.

तेव्हा खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, सावकाश खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. वजन जास्त असेल तर उतरवा. फराळ खाली बसून नव्हे, ओट्याशी करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक हात कठड्याला. काठी घ्यायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. पोटाला व मूत्रपिंडाला त्या बाधतात. सांधा लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर तो आमवातही असू शकतो. त्याचे उपचार निराळे, तेव्हा तपासणी लांबवू नका. १९२६ पासून परळकरांच्या दाराशी के. ई. एम. रुग्णालय उभे आहे. शस्त्रक्रियेचा विचार मात्र हे सारे करून भागले नाही तरच.

आजींचे दुखणे गेले आहे असे नाही. पण दसऱ्याला त्या कठडा धरून खाली आल्या आणि सोने वाटून, आपल्या पायांनी वर गेल्या. मध्ये दोनदा थांबल्या, एवढेच!