परवाना आमचा, किल्ली परक्याची!

२०२५ च्या जुलै महिन्यात नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना एके दिवशी स्वतःचाच ई-मेल उघडता येईना. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेली ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा, म्हणून युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंध लादले आणि चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा थांबविली. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे. निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर अमेरिकेचे आणि कुलूप मात्र भारतातील कार्यालयाला! दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाली.

‘आमचा कुठे तेलाचा कारखाना आहे?’ असे म्हणून पान उलटू नये. आपल्या शाळा, पतपेढ्या, रुग्णालये यांची स्थिती निराळी नाही. अनेक संगणक असलेली संस्था परवाने एकगठ्ठा घेते. मायक्रोसॉफ्टच्या एका प्रचलित पद्धतीत संस्थेचाच एक सर्व्हर या परवान्यांची हजेरी घेतो. प्रत्येक संगणकाने १८० दिवसांच्या आत त्याच्याकडे हजेरी लावावयाची. निदान हा हजेरीपट तरी आपल्या आवारात असे. आता वर्गणीच्या पद्धतीत हजेरीपटच काय, पत्रव्यवहार आणि कागदपत्रेही परक्याच्या सर्व्हरवर! याला मालकी म्हणावयाचे की भाडेकरूपण? १४ ऑक्टोबर २०२५ ला ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला आणि उत्तम चालणारे असंख्य संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. घरमालकाने घर रिकामे करावयास सांगितले, इतकेच.

यावर काही जण चोरीची प्रत वापरून स्वस्थ बसतात. स्वदेशीवर व्याख्यानमाला भरविणाऱ्या कार्यालयातही अशी प्रत आढळते, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. चोरीने दास्य संपत नाही, उलट सवय पक्की होते.

पर्याय नाहीत काय? सी-डॅकने मुक्त लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच आणली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ स्वीकारण्याचे ठरविले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे स्वागतार्हच. परंतु झोहो स्वदेशी असली तरी तिथेही परवानाच घ्यावा लागतो. मुक्त प्रणालीत मूळ संहिताच आपल्या हाती येते आणि पाचशे संगणकांवर ती बसविण्यास कुणाची अनुमती लागत नाही. या बाबतीत केरळच्या शासकीय शाळांनी, तेही डाव्यांच्या राजवटीत, आपल्या पुढे पाऊल टाकले. वैचारिक विरोधकाकडूनही शिकण्यात कमीपणा कसला?

शिक्षणाचा, कर्मचाऱ्यांच्या कुरकुरीचा त्रास होईल. हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालणारही नाही. तेवढा एक संगणक तसाच ठेवावा. मात्र पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत चिटणिसांनी एक तक्ता मांडावा: संगणक किती, त्यांवर कोणते सॉफ्टवेअर, परवाना कोणाचा, मुदत केव्हा संपते आणि उद्या सेवा बंद पडली तर सभासदांची यादी कोठून काढणार?